केनवडला दिलेली साक्ष

माझा उजवा हात गेला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. गेला म्हणजे तुटला नाही. दिसायला होता तसाच होता. वाशीमला माझं पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं छोटं दुकान आहे. सकाळी मोटरीच्या खाचेत तांब्याची तार बसवत होतो आणि तार बोटांतून निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा बोटांकडे नीट पाहिलं, तर ती माझी वाटेचनात. कोपरापासून खाली सगळं जड, बधिर. दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर तो डॉक्टरकडे धावला असता. मी स्टुलावर बसून राहिलो आणि मनात एवढंच आलं, की शेवटी देवाने हात मागितलाच.

असं का वाटलं ते सांगायचं तर अकरा वर्षं मागे जावं लागेल. आजवर हे मी केनवडला सांगितलं, घरी सांगितलं आणि आमच्या चर्चच्या मंडळीत सांगितलं. आता लिहून ठेवतो आहे, कारण माझ्यासारखी भीती पोटात घेऊन उपासनेला येणारं दुसरं कुणी असेलच असं मला वाटतं.

मी ख्रिस्ती घरात वाढलो. वडील शाळेत शिपाई होते, जेवणाआधी डोळे मिटून आभार मानल्याशिवाय घास घेत नसत, आणि ती सवय मलाही लागली. त्या काळी मी एका ठेकेदाराकडे विजेच्या लाइनीवर कामाला होतो. माझा जोडीदार प्रल्हाद, केनवडचा. दुपारी खांबाच्या सावलीत डबा उघडला की मी डोळे मिटायचो आणि तो हसून म्हणायचा, "पाद्री, माह्यासाठीबी एक सांगून ठेव गा वर." पुढे तो मला पाद्रीच म्हणू लागला. खांबावर चढण्यात त्याच्यासारखा दुसरा नव्हता. चढण्याआधी तारेकडे एकदा, माझ्याकडे एकदा बघायचा, मी हात वर केला की मगच पाय उचलायचा.

त्या दिवशी आम्ही शेतातल्या लाइनीची तुटकी तार जोडत होतो. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, जाऊन लाइन बंद करायचं काम माझं, खांबावर चढायचं त्याचं. डीपीच्या पेटीत तीन फ्यूज असतात, तिन्ही काढायचे. दोन मी काढले. तिसरा घट्ट बसला होता, ओढताना बोटाला चटका बसला. तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला, अजून किती वेळ म्हणून ओरडत होता. मी फोनवर "झालं, झालं" म्हणत वळलो आणि लांबून प्रल्हादला हात वर केला. तो चढला. मी त्याच्याकडे निम्मं अंतर चालून आलो असेन, तेवढ्यात वर एक कडाका झाला आणि तो खाली कोसळला.

पुढचं लिहिताना आजही जड जातं. तो पडल्यावर मी आधी त्याच्याकडे धावलो नाही. आधी डीपीकडे धावलो. मनाला सांगितलं की लाइन जिवंत आहे, ती आधी बंद केली पाहिजे, आणि ते खोटं नव्हतं. पण अंगावरचा शर्ट हाताला गुंडाळून तो तिसरा फ्यूज ओढून काढताना मी चारी दिशांना बघून घेतलं होतं, की कुणी पाहत तर नाही ना. शेतकरी जमले तेव्हा पेटीतले तिन्ही फ्यूज बाहेर होते.

प्रल्हादचा जीव वाचला, पण उजवा हात कोपरापासून काढावा लागला. तो बरेच दिवस शुद्धीवर नव्हता. चौकशी झाली तेव्हा मला विचारलं, तू खूण केली होतीस का? मी म्हणालो, "नाही. मी डीपीजवळ पोहोचायच्या आधीच तो चढला." एवढंच. कागदावर सही केली. शुद्धीवर आल्यावर प्रल्हादला त्या सकाळचं काहीच आठवेना. लोकांनी त्याला सांगितलं की तू घाई केलीस, आणि त्याने ते मान्य केलं. दवाखान्यात मी एकदाच भेटायला गेलो. तो म्हणाला, "पाद्री, माहीच मती मारली गेली रे. तुह्या खुनेची वाट पाहाले पायजे होती." मी त्याच्या पायाशी उभा होतो. तसाच बाहेर आलो. बाहेर व्हरांड्यात त्याच्या घरची माणसं म्हणत होती, देवाची मर्जी, दुसरं काय. मीही मान हलवली.

त्या मान हलवण्याने मला खाल्लं. खोटं बोललो ते एकदाच, पण माझी चूक देवाच्या नावावर ढकलली ती पुढे रोज. लाइनीचं काम सोडलं, दुकान टाकलं, लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी तापाने फणफणली की मला वाटायचं, आलं. बायकोचं, रूथचं, दुसरं बाळंतपण अवघड गेलं तेव्हाही वाटलं, आलं. मी प्रार्थना करायचो, पण ती सगळी एकाच प्रकारची: प्रभू, हे टळू दे, ते टळू दे. त्याला काय हवं आहे हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. मंडळीत लोक मला भला माणूस म्हणत. या वर्षी तर आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलपदासाठी नाव द्यायला सांगितलं होतं. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि त्यांना टाळत राहिलो.

आणि मग हात गेला. वाशीमच्या डॉक्टरांनी मानेची नस दबली असेल म्हणून तपासणीसाठी अकोल्याला पाठवलं. रूथ सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं. तिथल्या डॉक्टरांनी एमआरआयची चित्रं उजेडावर धरून सांगितलं की मणक्यात नस दबली आहे, ऑपरेशन करावं लागेल, पण हाताची ताकद किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही. मी विचारलं, "उजवाच हात का गेला?" ते चमकले. म्हणाले, "नस त्या बाजूची दबली म्हणून." किती साधं उत्तर होतं. पण मला ते पटलं नाही.

परतीची बस मालेगावला थांबली. चहा प्यायला खाली उतरलो. शेजारी दुसरी एसटी सुटायच्या बेतात होती आणि तिच्या दाराशी एक म्हातारी दोन जड टोपल्या घेऊन उभी होती, ओल्या पोत्यात गुंडाळलेली वांग्याची रोपं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हाक मारत होती, कुणी थांबत नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाली, "बापू, येवढं वर ठेवून दे ना." माझा एक हात निकामी होता हे तिला कसं कळणार? मी एका हाताने एक टोपली चढवली, मग दुसरी. सीटखाली सरकवायला वेळ लागत होता. कंडक्टरने बेल मारली आणि गाडी निघाली. मी दाराकडे धावलो तर कंडक्टर म्हणाला, आता पुढच्या थांब्याला उतरा.

"गाडी कुठली आहे?" मी विचारलं.

"केनवडवरून जाते," म्हातारी म्हणाली. "काहून घाबरून राह्यला? बस खाली. गाडीत बसला तं गाडी पोचवते."

ती साधंच बोलली होती, टोपलीवरची माती झटकत. यात चमत्कार होता असं मी कुणाला पटवायला जात नाही. चुकून भलत्या गाडीत अडकणारी माणसं रोज असतात. पण मला एवढं माहीत आहे की अकरा वर्षं मी केनवडच्या रस्त्याने गेलो नव्हतो. रिसोडकडे मोटर पोचवायची असली तरी दुसऱ्याला पाठवायचो. पुढचा थांबा आला, कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी उठलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही टाळायला न सांगता प्रार्थना केली. म्हटलं, प्रभू, तुला जिथे न्यायचं आहे तिथे ने. हाताचं काय करायचं ते तू बघ. मग केनवडचं तिकीट काढलं. भीती होतीच, पण भीतीसोबत काहीतरी हलकंही वाटत होतं.

गावाबाहेर, विहिरीजवळच्या तुकड्यात प्रल्हाद भाजीपाला पिकवतो असं थांब्यावर कळलं. तो मेथीच्या वाफ्याला पाणी देत होता. फावडं डाव्या हातात, दांडा उजव्या खांद्याखाली दाबलेला, आणि एका झटक्यात त्याने पाण्याची वाट वळवली. इतकं सफाईने, की मी क्षणभर बघतच राहिलो. त्याची बायको वच्छला पालकाच्या जुड्या बांधत बसली होती.

त्याने मला ओळखलं. "पाद्री!" तो ओरडला. "अबे, तू? किती सालानं! वच्छले, पानी आन वं." पाणी आलं. मी तांब्या हातात घेतला नाही. बसलो तर सांगणं व्हायचं नाही असं वाटलं, म्हणून उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दोन फ्यूज, तिसरा फ्यूज, फोन, हात वर केला ते, आधी डीपीकडे धावलो ते, आणि कागदावरची सही. सांगताना त्याच्या तोंडाकडे पाहायची हिंमत झाली नाही. वाफ्यातलं पाणी भरून बाहेर वाहू लागलं होतं, तेच बघत बोललो. माफ कर असं मी म्हणालो नाही. ते शब्द फार स्वस्त वाटले.

आधी वच्छला बोलली. ती उभी राहिली, तिच्या मांडीवरची जुडी खाली पडली. "आकरा साल! आकरा साल हा मानूस सोतालेच शिव्या देत राह्यला. झोपीत उठून म्हने, म्या काहून घाई केली, काहून घाई केली. आन तुमी तिकडं पोथी वाचून राह्यले होते? तुमचा देव झोपला होता काय?"

"देव नाही, वहिनी," मी म्हणालो. "तो मला रोज उठवत होता. मीच झोपेचं सोंग घेतलं होतं."

प्रल्हाद खाली बांधावर बसला. बराच वेळ तो आपल्या तुटक्या हाताच्या टोकाकडे पाहत राहिला. मला वाटलं, आता हा मला मारेल, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तो हळू आवाजात विचारू लागला.

"तू हात वर केल्ता?"

"हो."

"म्हंजे म्या तुह्याकडे पाह्यलं होतं? चढाच्या आदी पाह्यलं होतं?"

"नेहमीसारखं. आधी तारेकडे, मग माझ्याकडे. तू काहीच चुकला नव्हतास."

तो रडू लागला. मी घाबरलो, पण ते रडणं रागाचं नव्हतं हे वच्छलाला माझ्याआधी कळलं. ती त्याच्याजवळ जाऊन बसली. तेव्हा मला उमगलं की इतकी वर्षं मी फक्त माझं ओझं मोजत होतो. मी त्याचा हात घेतला एवढंच मला दिसत होतं. त्याची अक्कल, त्याचा शहाणपणा, घरातला त्याच्या शब्दाचा मान, हेही मीच घेतलं होतं, आणि ते परत करणं पूर्ण माझ्या हातात होतं. हात परत देणं मला कधीच जमणार नव्हतं, म्हणून जे जमणार होतं तेही मी दिलं नव्हतं.

डोळे पुसून तो उठला. म्हणाला, "चाल."

"कुठे?"

"गावात. मले सांगून काय फायदा? ज्याइनं मले उतावळा म्हनलं त्याइले सांग. समद्याइच्या समोर सांग."

खरं सांगतो, अकरा वर्षं मी ज्याला भीत होतो ते हेच. देवाच्या शिक्षेला भीत होतो असं मी समजत असे, पण भीती माणसांची होती. तरी गाडीत बसलो होतो तेव्हा "जिथे न्यायचं आहे तिथे ने" म्हणालो होतो, आणि आता नेणारा पुढे चालू लागला होता, एका हाताचा, शर्टाची रिकामी बाही खोचलेला.

पहिलं घर त्याच्या चुलतभावाचं, घराच्या पुढच्या बाजूला त्याचं किराणा दुकान. चार माणसं बसलेली. प्रल्हाद म्हणाला, "हा माहा जोडीदार. याचं आयका." मी सांगितलं. आवाज इतका खोल गेला होता की एकाने "जोरात बोला" म्हटलं, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. कुणीतरी शिवी दिली. चुलतभाऊ अंगावर आला, प्रल्हादनेच त्याला अडवलं. "मारू नको. आजून दोन घरी जायचं हाय." दुसरं घर एका जुन्या लाइनमनचं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तिसरा फ्यूज. मी म्हनतच होतो, हा पोट्टा खुनेबिगर चढनारा नाई." तिथून बाहेर पडताना माझ्या लक्षात आलं की माझा आवाज आता थरथरत नव्हता. ज्याची इतकी भीती होती ते घडत होतं, आणि मी जिवंत होतो, चालत होतो. उलट, कितीतरी वर्षांनी मला पोटभर श्वास येत होता.

तिसरं घर त्याच्या वडिलांचं. ते थोरल्या मुलाकडे राहत, बाजेवर पडून असत, छातीचं दुखणं होतं. वाटेत वच्छलाने मला सांगितलं, "बुढ्यानं अपघातापासून याले कोन्तीच गोष्ट इचारली नाई. बैल घ्याचे असू द्या का पोरीचं लगन. म्हने, त्याले नका इचारू, तो उतावळा हाय." ती आता माझ्यावर ओरडत नव्हती. फक्त सांगत होती.

म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं. मी बाजेपाशी गुडघे टेकून त्याच्या कानाशी बोललो. "बाबा, चूक माझी होती. लाइन मी बंद केली नव्हती. प्रल्हाद माझी खूण बघूनच चढला. मी खोटा जबाब दिला." त्याने ते तीनदा म्हणवून घेतलं. मग माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पलीकडे उभ्या मुलाकडे हात लांब केला, प्रल्हाद वाकला तसा त्याने त्याच्या डोक्यावरून, गालावरून हात फिरवला आणि म्हणाला, "सोयाबीन निंघाल्यावर त्या वावरात काय पेरावं रे? हरभरा का गहू?"

प्रल्हाद म्हणाला, "हरभरा, बाबा. पानी कमी हाय."

"मंग हरभराच पेरा," म्हातारा थोरल्या मुलाला म्हणाला. "याचं आयका."

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. ऊन उतरत होतं. मला कुणी माफ केलं असं म्हटलं नव्हतं, पण देव माझ्यावर डोळे वटारून बसलेला नाही, हे मला त्या ओट्यावर पहिल्यांदा खरं वाटलं. प्रल्हाद मला थांब्यापर्यंत सोडायला आला. माझा लोंबणारा हात बघून त्याने काय झालं विचारलं. मी सांगितलं, आणि मला आतून काय वाटत होतं तेही सांगितलं, की देवाने हातासाठी हात घेतला.

तो थांबला. "असा कसा रे तुहा देव? मले तं तू म्हनाचा का तो लय मायेचा हाय." आणि मग, "दाखव दवाखान्यात. लवकर दाखव. एका हातानं लय पंचाईत होते." मी ज्याचं नुकसान केलं त्या माणसाच्या तोंडून प्रभूने मला माझाच विश्वास परत शिकवला. पुढे किती प्रवचनं ऐकेन, पण एवढं थेट कुणी बोलेल असं वाटत नाही.

घरी आल्यावर रूथला सगळं सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एवढं एकट्याने कशाला वाहिलंत?" पुढच्या रविवारी पाळकसाहेबांची परवानगी घेऊन मंडळीत साक्ष दिली आणि वडीलपदासाठी माझं नाव धरू नका असं सांगितलं. काही जण अजून माझ्याशी तुटक वागतात, त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. मग वकिलाला सोबत घेऊन जुना जबाब खोटा होता असं लेखी दिलं. त्याचं पुढे काय होईल, मला शिक्षा होईल की कसं, ते अजून ठरायचं आहे. बोलावणं येईल तेव्हा जाईन. पूर्वी दारावर कुणी खाकी कपड्यातलं दिसलं तरी माझं तोंड कोरडं पडायचं. आता तसं होत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मला आत नेलं तेव्हा मी हात मागितला नाही. म्हटलं, प्रभू, दिलास तरी तुझा आहे, नाही दिलास तरी मी तुझा आहे. हाताची ताकद बरीच परत आली. शेवटची दोन बोटं अजून बधिर आहेत, बारीक तार आता मला धरता येत नाही, ते काम दुसऱ्याकडून करून घेतो. देवाची इच्छा हा शब्द मी आयुष्यभर झाल्या गोष्टीवर पांघरूण घालायला वापरला. आता कळतं की त्याची इच्छा बहुतेक वेळा माझ्या पुढ्यात, न केलेल्या कामासारखी पडलेली असते. ते उचललं की भीतीला बसायला जागा राहत नाही.

केनवडहून आल्याला महिना होत आला असेल, एका सकाळी प्रल्हादचा फोन आला. "पाद्री, बाबा गेले रे. रात्री झोपीतच गेले." तो पुढे म्हणाला, "या महिन्यात रोज मले बोलवून घेत होते. हे इचार, ते इचार. काल दादाले म्हनले, प्रल्हाद शहाना हाय, घर त्याच्या इचारानं चालवा." मग म्हणाला, "तू येका महिन्यानं उशिरा आला असता, तं मी बुढ्याच्या लेखी उतावळाच राह्यलो असतो."

फोन ठेवून मी दुकानातच गुडघे टेकले. अकरा वर्षं मी उशीर केला होता, आणि तरी देवाने मला वेळेवर पोचवलं होतं.